शिनोळीचा पत्ता

बेळगावात, वडगावच्या त्या गल्लीत कुणाला नवा कुकर घ्यायचा असला तरी तो आधी दुकानात जायचा नाही, नागोजी अण्णाच्या कट्ट्यावर यायचा. थट्टा नव्हे, खरं सांगतोय. अण्णाचा जन्म पावरलूमवर गेला. चाळीस वर्षं खटाक-खटाक ऐकून डावा कान अधू झाला, पण चौकसपणा असा की विचारू नका. बायकोला, म्हणजे राजाबाईला, निपाणीपर्यंत कर्नाटकच्या गाडीनं फुकटात आणि तिथून पुढं महाराष्ट्राच्या गाडीनं अर्ध्या तिकिटात कोल्हापूरला कसं न्यायचं, हे गल्लीत पहिल्यांदा त्यानंच शोधून काढलं. साडीच्या डिझाईनचा चौकटीचा कागद उलटा करायचा, मधोमध उभी रेघ मारायची, कानावरची पेन्सिल काढायची, इकडं ह्याचे गुण, तिकडं त्याचे. शेवटी कागदावर थाप मारून म्हणायचा, "घे रं डोळं झाकून." आणि माणसं डोळे झाकून घ्यायची.

माणसाला सारखं कुणी विचारायला लागलं की वाईटच. आपल्याला सगळंच कळतंय असं त्याला वाटायला लागतं. अण्णाचं तसंच झालं.

घरात दोन माग. मुलगा ओमकार उद्यमबागेत कारखान्यात कामाला, त्यामुळं मागाचं आणि साड्यांचं सगळं अण्णावर आणि सुनेवर. सून नीलम शहापूरची, विणकराच्याच घरातली, कॉलेज शिकलेली. पूर्वी साड्या व्यापारी न्यायचा आणि देईल तो भाव घ्यावा लागायचा. नीलमनं दोन वर्षांत ते सगळं फिरवलं. माडीवर खिडकीपाशी साडी पसरायची, फोन धरायचा आणि पार सांगली-चिपळूणच्या बायकांना समोरासमोर पदर उलगडून दाखवायचा. "मामा, जरा काठ वर धरा," असं ती म्हणायची आणि अण्णा काठ वर धरायचा. सासरा नुसताच हात म्हणून पडद्यावर दिसायचा. ह्याचं त्याला आतून थोडं लागायचं, पण बोलणार काय? घर त्यावरच चाललेलं.

गणपतीच्या आधी नीलमनं चांगल्या कॅमेऱ्याचा नवा फोन घेतला. महाग होता. पडला-झडला तर सगळा धंदाच बसायचा, म्हणून विमा काढायचं ठरलं. फोनमध्ये सिमकार्डं दोन. एक 'तरंग' कंपनीचं, बेळगावचा नंबर. दुसरं 'सुगम' कंपनीचं, ते महाराष्ट्राचं, शिनोळीला घेतलेलं, कारण गिऱ्हाइकं सगळी तिकडली. आपल्याकडं सीमेवर दोन सिमं ठेवायची रीतच आहे. दोन्ही कंपन्यांचा फोनचा विमा होता आणि फोन विकला त्या दुकानदाराचा तिसरा. नीलमनं तिन्ही बघून 'तरंग'चा ठरवला होता. खासबागेत त्यांचं ऑफिस, चालत दहा मिनिटं. फोन फुटला, भिजला, चोरीला गेला, सगळ्याला चालायचा. हप्ता जरा जास्त होता एवढंच.

पण तिनं हे कट्ट्यावर चार माणसं बसलेली असताना सांगितलं आणि अण्णाला ते रुचलं नाही. गल्लीनं त्याला विचारून कुकर घ्यावा आणि घरच्या सुनेनं न विचारता विमा ठरवावा?

"आण हिकडं कागद," तो म्हणाला.

"मामा, मी बघितलंय सगळं."

"तू साड्या दाखीव गं पोरी. कागद मला वाचू दे. हे काय पदर उलगडायचं काम न्हवं."

माणसं हसली. समोरच्या खोलीत राहणारी, मागाला सुताच्या कांड्या भरून देणारी म्हातारी बायाक्कासुद्धा हसली. नीलमचं तोंड एवढंसं झालं. तिनं कागद अण्णाच्या मांडीवर ठेवले आणि आत गेली. राजाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "एवढं चार माणसांत बोलायचं काय काम हुतं?" अण्णानं चांगला उजवा कान असताना डावा तिच्याकडं केला.

मग उभ्या दोन रेघा, तीन रकाने. 'तरंग'चा अर्ज कानडीत आणि इंग्रजीत. दुकानदाराचा नुसता इंग्रजीत. 'सुगम'चा मात्र शुद्ध मराठीत. "मा. ग्राहक" असं वर छापलेलं. अण्णाचा जीव तिथंच विरघळला. सगळ्या जन्मात सातबारा कानडीत, वीजबिल कानडीत, बसची पाटी कानडीत वाचलेला माणूस. आपल्याला कुणी आपल्या भाषेत 'माननीय' म्हणतंय म्हटल्यावर त्याला बाकीचे रकाने फिके दिसायला लागले. शिवाय हप्ताही कमी होता.

आता कुणी म्हणेल, त्यानं मागची बाजू वाचली नसेल. वाचली. सगळी वाचली. नऊ नंबरला स्वच्छ लिहिलं होतं, की ही योजना महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहे आणि नुकसान महाराष्ट्रात झालं तरच भरपाई मिळेल. अण्णानं ते दोनदा वाचलं आणि हसला.

"मग आपन कुठं हाय?" तो कट्ट्याला म्हणाला. "बेळगाव म्हाराष्ट्रातच की. दिल्लीला कळंना त्याला आपन काय करनार?"

कट्टा खूष झाला. दुसऱ्या दिवशी नीलमला बरोबर घेऊन अण्णा शिनोळीला गेला. बाचीच्या पुढं शीव ओलांडली की लगेच शिनोळी. तिथं त्याची मुलगी मंगल दिलेली. दुकानातल्या माणसानं पत्ता विचारल्यावर अण्णानं छाती काढून मंगलच्या घराचा पत्ता सांगितला. नीलम हळू म्हणाली, "मामा, खोटा पत्ता…" अण्णानं डोळे वटारले. "लेकीचं घर ते आपलंच घर," तो म्हणाला, आणि नीलमनं खाली सही केली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मागांची पूजा. त्या दिवशी माग बंद. मागाला झेंडूच्या माळा, कात्रीला, धोट्याला, फणीला हळद-कुंकू. अण्णानं चौरंगावर सगळी हत्यारं मांडली आणि वर हात केला, "फोन आण गं."

"फोनला नको, मामा. मी लांबनं नमस्कार करते त्याला."

"का? ज्याच्यावर पोट चालतंय ते हत्यारच. आण."

ह्यात अण्णाचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. भावना चांगलीच होती. पण हात सैल. कुंकू पाण्यात कालवून त्यानं फोनला पाच बोटं ओढली, पुढून आणि मागून. मग नारळ फोडला आणि सवयीनं पाणी साऱ्या हत्यारांवर शिंपडलं. कात्रीला काय होतंय? फोन मात्र चार्जिंगच्या भोकातून गटागटा प्याला. पडदा एकदा पांढरा झाला, एकदा हिरवा, मग काळाच. दिवाळीच्या साड्यांची मागणी त्या फोनमध्ये, गिऱ्हाइकांचे नंबर त्यात, कुणाला कुठला रंग दाखवला ते फोटो त्यात. नीलम चौरंगापुढं तशीच बसून राहिली.

"घाबरू नको," अण्णा म्हणाला. "इमा हाय की आपला. मीच काढलाय."

संध्याकाळी त्यानं स्वतःच्या फोनवरून 'सुगम'ला लावला. पलीकडं एक मुलगी गोड मराठीत बोलत होती. अण्णा खुलला. काय झालं, कसं झालं, सगळं रंगवून सांगितलं. तिनं विचारलं, "सर, घटना कुठे घडली?"

"आमच्या घरात. वडगाव."

"वडगाव कोणतं, सर? कोल्हापूर जिल्हा?"

इथं अण्णा अडकला. 'शिनोळी' म्हणायचं होतं त्याला. पण तोंडातून खरं तेच आलं. "बेळगावचं."

"सॉरी सर, बेळगाव आपल्या महाराष्ट्रात येत नाही ना."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यानं मोर्च्यात, कोर्टाच्या बातमीत, पेपरात किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी भांडला होता. त्या दिवशी भांडण सुचलं नाही. त्यानं "बरं बाई" म्हणून फोन ठेवला. लाज वाटली ती एवढीच, की आपणच वाचलं होतं आणि हसलो होतो.

सांगून मोकळा झाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण नाही. नीलमनं "काय म्हणाले, मामा?" असं विचारलं तेव्हा हा बहाद्दर म्हणाला, "चार दिवसांत हुतंय म्हनलेत." चार दिवस मग जेवण गोड लागेना. मागापाशी उभा राहिला तरी धागा तुटलेला दिसेना. नीलम बिघडलेला फोन पिशवीत घालून दोनदा कुठंतरी जाऊन आली. अण्णानं विचारलं नाही, कारण विचारायला तोंडच नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती आली. फोन हातात, पडदा लख्ख. कट्ट्यावर चौघं बसलेली. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "मामा, झाला फोन. तुमचा विमा कामाला आला बघा."

अण्णाला आपल्या विम्याचं काय झालंय ते चांगलं ठाऊक. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं नजर चुकवली नाही, पण तोंडावर काही दाखवलंही नाही.

"मग? सांगिटलं हुतं न्हवं?" असं अण्णा म्हणाला. स्वतःच्या कानानं त्यानं ते ऐकलं. एवढा निर्लज्जपणा आपल्यात कुठून आला, हे त्याचं त्याला कळेना.

त्याच संध्याकाळी साडी घडी करताना फोनच्या पिशवीत त्याला पावती सापडली. 'तरंग', खासबाग शाखा. विमा काढल्याची तारीख शिनोळीला गेल्याच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे पोरीनं सासऱ्याचा मान ठेवायला तिकडं सही केली होती आणि घर वाचवायला गुपचूप इकडं हप्ता भरला होता. वर आता चार माणसांत श्रेयही त्यालाच दिलं होतं. अण्णानं पावती होती तशी परत ठेवली. आत नीलम भाकऱ्या थापत होती, तो आवाज येत होता. दोन पावलं आत टाकून "पोरी" म्हणायचं होतं फक्त. तो बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला.

बारा दिवस गेले. गल्लीत अण्णाचं नाव आणखी वाढलं. "नारळाच्या पान्यानं बुडालेला फोन काढला बगा अण्णानं," असं माणसं सांगायची, आणि अण्णा मान खाली घालून कागदावर नुसत्याच रेघा मारायचा. माणसांना तो नम्रपणा वाटायचा. आत काय जळतंय ते त्याला ठाऊक. नीलम पूर्वीसारखीच वागत होती, चहा पुढं ठेवत होती, "काठ वर धरा" म्हणत होती. तो काठ धरायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही.

तेराव्या दिवशी बायाक्का आली. तिचा मुलगा मंथन गोव्यात हॉटेलात कामाला. त्यानं आईला चांगला फोन पाठवला होता, रोज संध्याकाळी त्यावर तिला नातवाचं तोंड दाखवायचा. बायाक्काला जगात दुसरं काही नको होतं.

"अण्णा, मलाबी तुझाच इमा काडून दे. शिनोळीचा. सिमबी घ्यावं लागंल तर घेतो."

"बायाक्का, तू… कशाला गं तुला?"

"अय्यो! सुनंला चालतोय, मला का न्हाय? फोन हातातनं सटाकतोय रं माझ्या. फुटला तर नातवाचं तोंड कसं बगू?"

नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं. अण्णाला ते बोलता येईना. तो उठला, चपला घातल्या आणि म्हातारीबरोबर बसमध्ये बसला. हो, बसला. मला सांगतानाही राग येतो, पण तो बसला. हिंडलगा गेलं, उचगाव फाटा गेला, बाची गेली. बायाक्का सारखी फोन पदरानं पुसत होती. काल संध्याकाळी नातवानं तिला दोन नवे दात दाखवले होते. त्याचीच गोष्ट ती शिनोळीपर्यंत सांगत होती. दर थांब्याला अण्णा म्हणत होता, आता बोलू. शीव आली, गेली.

दुकानात तोच माणूस. त्यानं अर्ज काढला. "आजी, राहता कुठं?"

बायाक्कानं अण्णाकडं बघितलं. "सांग की. तुज्या मंगलचाच पत्ता घाल माजाबी."

एवढा विश्वास. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्या जागी वाचायला अण्णा होता.

"बायाक्का," तो म्हणाला, "ऊठ. हे चालायचं न्हाय."

"का रं?"

"वडगावात फोन फुटला तर हे लोक एक पैसा देत न्हाईत. मला ठावं हुतं. लिवलंय ते मागं. माझ्या विम्यानं काय झालं न्हाय. नीलमनं तिचा येगळा काडला हुता, खासबागेत. त्येनं झालं. मी गप बसलो."

दुकानातला माणूस अर्ज हातात धरून तसाच उभा. बायाक्कानं फोन पदरात गुंडाळला. मग म्हणाली, "मग बसमदी का बोलला न्हाईस? एवड्या लांब आनलंस मला."

"लाज वाटत हुती."

"आनि आता?"

"आता जास्त वाटतीया."

परतीच्या बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली नाही. पुढं बायकांत जाऊन बसली. अण्णाला ते बरोबरच वाटलं. येताना त्यानं मनाशी पक्कं केलं, की आता घरात गुपचूप सांगायचं नाही. जिथं पोरीचं हसं केलं तिथंच सांगायचं.

कट्ट्यावर रोजची माणसं होती. अण्णा बसला नाही. बायाक्काही मागून येऊन उभी राहिली. त्यानं दारातून हाक मारली, "नीलम, बाहेर ये गं."

ती हात पुसत आली. मागून राजाबाई आली.

"बायाक्काला विमा घ्यायचाय. कुठला घ्यावा, तू सांग."

नीलमनं कट्ट्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तुम्हीच सांगा की, मामा," ती म्हणाली. अजूनही ती त्याला सांभाळतच होती.

"मला कळत न्हाय," अण्णा म्हणाला. गल्लीनं हे शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "मला कळलं न्हवतं तवाबी मी बोललो. तुझा फोन मीच भिजवला, आनि माझ्या विम्यानं त्यो झाला न्हाई. तुझ्या विम्यानं झाला. तुझी पावती बघितली मी पिशवीत. त्याच दिवशी बघितली. आनि बारा दिवस हितं बसून वाहवा घेतली."

कुणीतरी उगाच खोकलं. राजाबाईनं पदर तोंडाला लावला.

नीलमचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "पावती मीच वर ठेवली होती, मामा. तुम्हाला दिसावी म्हणून. तुमचा मान चार माणसांत राहावा म्हणून मी तसं बोलले. पण आत येऊन मला एकटीला तरी तुम्ही म्हणाल, असं वाटलं होतं. रोज चहा देताना वाट बघत होते मी."

बारा दिवसांत चोवीस वेळा चहा. चोवीस वेळा ती समोर उभी राहिली होती, आणि अण्णानं कपात बघितलं होतं. त्याला वाटलं होतं तिला काही माहीत नाही. तिनं तर दार उघडून धरलं होतं, आणि तोच त्या दारातून आला नव्हता. शिनोळीच्या दुकानात वाटली त्याहून ही लाज मोठी होती. ह्या लाजेला तोंड लपवायला सीमाप्रश्नही नव्हता आणि कंपनीही नव्हती.

"चुकलो गं पोरी," तो म्हणाला.

'असू दे मामा,' असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. कट्टाही थांबला. घरोघरच्या सुना म्हणतात तसं. नीलम ते म्हणाली नाही. तिनं डोळे पुसले, बायाक्काला हाताला धरून कट्ट्यावर बसवलं आणि चौकटीचा कागद पुढं सरकवला.

"पेन्सिल घ्या, मामा," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा. आधी बायाक्कांचा पत्ता लिहा. वडगावचा."

अण्णानं कानावरची पेन्सिल काढली आणि खाली बसून ती सांगेल तसं लिहायला लागला.